पुस्तकावरची नजर

प्रिय सई आणि प्रिय निहार,

गेल्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही दोघं एकदम बोलत होतात, म्हणून मला आधी काही कळेना. मग कळलं. तुम्ही ती नवी सिरीज पाहून संपवली होती. आपलं वडसा, झाडीपट्टीची नाटकं, दौलत नावाचा नट, त्याच्यावरचा खुनाचा खटला, हे सगळं तुम्ही तिकडे बर्फात बसून, खालची इंग्रजी अक्षरं वाचत पाहिलंत. निहारने विचारलं, "आजी, पैसे खाऊन कोर्टात खोटी साक्ष देणारा तो प्रॉम्प्टर, तो म्हणे तुझ्या शाळेत शिपाई होता? तू ओळखायचीस त्याला?"

त्यानंतर फोन बंद पडला. नेटवर्क गेलं, असं मी तुमच्या आईला सांगितलं. नेटवर्क गेलं नव्हतं. फोन मी ठेवला.

या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्याजोगं नाही, म्हणून लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे. आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं, तेव्हा हे विचार करूनच म्हणते, की मुखरूभाऊंचं बोलणं इंग्रजीत नेलं तर बोलणं जाईल तिकडे, माणूस इथेच राहील. अडेल तिथे आईला विचारा. तिलाही ते आठवत असतील. तिच्या तुटलेल्या चपला त्यांनी दोनदा शिवून दिल्या होत्या.

आधी क्रमाने सांगते. वैनगंगेच्या काठचा हा जंगलाचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. धान कापून झालं की गावोगाव मंडईची जत्रा भरते, आणि मंडई आली की नाटक आलंच. रिकाम्या झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मांडव पडतो. नट एका गावचे नसतात. कोणी नागपूरहून, कोणी पार सिरोंच्याकडून दुपारच्या बसने येऊन उतरतो. तालीम नसते. आज हे नाटक, उद्या दुसऱ्या गावी दुसरं. मग एवढी वाक्यं लक्षात कोण ठेवणार? कोणीच ठेवत नाही. अख्खं नाटक प्रॉम्प्टरच्या मांडीवर असतं. तो विंगेत बसून प्रत्येक वाक्य, नट बोलायच्या एक श्वास आधी, नटाला देतो. नटाला ते चुकता कामा नये आणि पहिल्या रांगेला ऐकू जाता कामा नये. 'वाक्य देणं' असंच म्हणतात त्याला.

मुखरू रामटेके हे झाडीपट्टीतले त्या काळचे सर्वांत चांगले प्रॉम्प्टर होते. दौलतला चौदा हंगाम त्यांनी वाक्यं दिली.

दौलत काय होता हे तुमच्या सिरीजमध्ये दाखवलं आहे, पण मला ते कमीच वाटलं. त्याचं नाटक असलं की दहा-दहा कोसांवरून बैलगाड्या निघत. न्हाव्याच्या दुकानात पोरं दौलतसारखे केस कापायला सांगत. आणि त्याचा तो घोगरा, शेवटी किंचित फाटणारा आवाज तर गुरं राखणारी मुलंसुद्धा काढत. चांद्याच्या आमच्या कॉलेजात एक मुलगा तासाला हजेरी त्याच आवाजात द्यायचा. हे आवाजाचं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

एका गावी नाटकाच्या तिसऱ्या अंकाच्या वेळी नाटक कंपनीचा मालक मांडवामागे सुरा लागून मेलेला सापडला. त्याच दिवशी सकाळी दौलतचं आणि त्याचं सगळ्यांदेखत कडाक्याचं भांडण झालं होतं. दौलत म्हणाला, मी तर मंचावर होतो. आता गंमत अशी, की त्या अंकात त्याचं काम आंधळ्या भिकाऱ्याचं. डोक्यावरून घोंगडी घेऊन तो देवळाच्या पायरीवर एकटाच बसतो आणि बराच वेळ एकटाच बोलतो. चेहरा दिसत नाही. बाकीचे नट मागे कपडे बदलत होते. पाच हजार माणसांनी पाहिली ती घोंगडी. घोंगडीच्या आत दौलत होता की दुसरं कोणी, हे सांगू शकेल असा एकच माणूस चार हातांवर बसला होता.

मी त्या दिवशी कोर्टात होते. वीस वर्षांची होते, बी. ए.ला. खटला पाहायला गेले होते असं म्हणणं खोटं होईल. आम्ही मैत्रिणी दौलतला पाहायला गेलो होतो. अर्धं चांदा त्यासाठीच आलं होतं.

मुखरूभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. सडपातळ, लांब मान, आणि ती मान पुढे झुकलेली, जणू पिंजऱ्याच्या कठड्यावर पुस्तक उघडं ठेवलेलं आहे. ते बौद्ध. देवाची शपथ न घेता त्यांनी सत्यप्रतिज्ञा मागितली. कारकुनाला ती रोज लागत नसावी. "मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की..." म्हणून तो थांबला आणि कागद शोधू लागला. तेवढ्यात पिंजऱ्यातून अगदी हलका आवाज आला, "जे सांगीन थे खरं सांगीन..." कारकून ते वाक्य घेऊन पुढे निघालासुद्धा! मग कोर्ट हसलं. मुखरूभाऊ एवढे वरमले की मान आणखी खाली गेली.

दौलतच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही दौलतपासून किती अंतरावर होता?"

"चार हात, साहेब."

"त्या प्रवेशात मंचावर दौलतच होता ना?"

"वाक्य मी देलो. वाक्य बोलल्या गेलं. आवाज दौलतचाच वाटला."

"वाटला नको. तुम्ही पाहिलंत ना त्याला?"

"पायलो नाई साहेब. आयकलो."

"अहो, चार हातांवर बसून पाहिलं नाही?"

"पुस्तक पायत होतो."

"एकदाही मान वर केली नाही?"

"नाटक चालू असतांनी मी मान वर करत नाई, साहेब."

आमच्या मागच्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. ती पदर तोंडाला लावून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "म्हन ना रे बापा! पायलो म्हन! तुहं काय जाते?"

मग सरकारी वकील उठले. त्यांनी आवाजही चढवला नाही. "दौलतचा आवाज काढणारे झाडीत किती जण असतील?"

"पोट्टा पोट्टा काढते."

"तुम्हाला फरक कळतो?"

"बहुतेक कळते."

"बहुतेक. मग त्या दिवशी दुसरा कोणी असू शकेल?"

मी आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. दौलत त्यांच्याकडे पाहत होता. आता मला कळतं तो कसा पाहत होता ते. वाक्य विसरलेला नट विंगेकडे पाहतो, तसा. त्याला एकच शब्द हवा होता, आणि तो देणारा माणूस समोर उभा होता.

"मी पायलो नाई," मुखरूभाऊ म्हणाले. बस्स, एवढंच.

दौलतला जन्मठेप झाली. केवळ या साक्षीने नाही, दुसरेही पुरावे होते, हे न्यायाने सांगायला हवं. पण झाडीने ते पुरावे वाचले नाहीत. झाडीने ठरवलं की मुखरूने दुसऱ्या कंपनीकडून पैसे खाल्ले, नाहीतर चार हातांवरचा माणूस दिसत नाही का? त्या हंगामात एकाही कंपनीने त्यांच्या हातात पुस्तक दिलं नाही. पुढच्याही नाही. मग कधीच नाही.

मी लग्न होऊन वडशाला आले आणि मुलींच्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा पहिल्या दिवशी घंटा वाजवणाऱ्या शिपायाची मान पाहूनच मी ओळखलं. सव्वीस वर्षं आम्ही एका शाळेत काढली आणि पहिली सात-आठ वर्षं तो विषय निघाला नाही.

ते चालत मान खाली घालून. शाळेत सोळा शिक्षक होते, सगळ्यांना ते चपलांच्या आवाजावरून ओळखत. "देशमुख सर आज रागात हायेत," असं ते सर दिसण्याआधीच सांगत आणि ते खरं निघे. ओठ न हलवता बोलण्याची सवय त्यांना होती. आवाज हळू, पण नेमका ज्याच्यासाठी असेल त्याच्या कानात पडे. मुख्य म्हणजे, समोरचा माणूस शब्दासाठी अडला की त्यांना राहवत नसे. पोस्टात, दवाखान्यात, लग्नात अक्षता टाकायच्या वेळीसुद्धा. एकदा आमच्या मुख्याध्यापकबाई एका मुलीला रागावत होत्या. "तू म्हणजे अगदी, अगदी..." आणि मागून फायली घेऊन जाणारे मुखरूभाऊ म्हणाले, "निष्काळजी." बाईंनी "हो, निष्काळजी!" म्हणून वाक्य पुरं केलं, आणि मग दोघीही, बाई आणि ती मुलगी, हसायला लागल्या.

एकदा शिक्षणाधिकारी तपासणीला आले. मी नववीतल्या दमयंती कोवेला इंग्रजी कविता म्हणायला उभं केलं. तिच्या घरी गोंडी बोलत, मराठी ती शाळेत शिकली आणि इंग्रजी तर तिसरी भाषा. तिसऱ्या कडव्याला ती थांबली. आणि व्हरांड्यातून पुढची ओळ आली. इंग्रजीत! उच्चार सगळे झाडीचे, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. दमयंतीने ती ओळ उचलली, मग पुढचीही आली, आणि तिने कविता पुरी केली. साहेबांनी शाबासकी दिली.

नंतर मी मुखरूभाऊंना गाठलं. "तुम्हाला इंग्रजी येतं?"

"कुठी येते बाई. एबीसीडी येत नाई."

"मग?"

"तुम्ही पंधरा दिवसांपासून थेच शिकवून राह्यल्या. व्हरांडा झाडता झाडता कानात बसलं."

"ही फसवणूक आहे, मुखरूभाऊ."

"हाव बाई," ते म्हणाले. "पन पोट्टी अडकली होती."

दमयंती पुढे नर्स झाली. ती अजून येते, आणि आली की ती ओळ त्यांच्या उच्चारात म्हणून दाखवते. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून तिला आठवते ती तेवढी ओळ, तीही त्यांनी दिलेली.

दौलतचं त्यांनी सांगितलं ते एका उन्हाळ्यात. निकालपत्रकं भरायची होती, शाळेत आम्ही दोघंच. ते माठात पाणी भरत होते आणि मीच विचारून टाकलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"मुखरूभाऊ, तुम्ही मान वर का नाही केलीत?"

त्यांना राग आला नाही. बहुधा इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. लोकांनी सगळं परस्पर ठरवून टाकलं होतं.

"माह्या गुरूनं पयल्या दिवशी सांगितलं होतं बाई. पुस्तकावरची नजर हालली का वाक्य गेलं. वाक्य गेलं का नट गेला. नट गेला का नाटक मेलं. मानूस चांगला का वाईट काम करून राह्यला, थे पायणं पब्लिकचं काम. प्रॉम्प्टरचं नाई."

"चौदा वर्षांत एकदाही नाही पाहिलंत दौलतला? काम करताना?"

त्यांनी माठावर झाकण ठेवलं. मग तुरुंगातली गोष्ट सांगितली. दौलतला भेटायला ते एकदाच गेले होते. दोघं गजांच्या दोन बाजूंना. मग दौलत म्हणाला, "मुखरू, दे ना एखादं वाक्य." आणि मुखरूभाऊंनी दिलं. त्याच भिकाऱ्याच्या प्रवेशातलं. दौलत बोलला. त्यांनी दुसरं दिलं. भेटीची वेळ संपेपर्यंत दोघांनी तेवढंच केलं.

"तुम्ही विचारलं नाहीत त्याला? खरं काय ते?"

"प्रॉम्प्टर इचारत नाई बाई. प्रॉम्प्टर सांगतो." मग म्हणाले, "त्यानंच इचारलं. म्हने, खरंच कवाच मान वर नाई केला तू? मी म्हनलो, नाई. तं थो हासला. म्हने, मंग चौदा साल मी काम केलो, थे तू पायलाच नाई! साऱ्या झाडीनं पायलं अन् तूच नाई पायला!"

दौलत तुरुंगातच सहाव्या वर्षी वारला.

"गजाच्या पल्ल्याड बी मी खालीच पायत होतो," मुखरूभाऊ म्हणाले. "सवय. बोलतांनी त्याचं तोंड कसं होते, मले मालूमच नाई. लोक सांगत, दौलत रडला का आसवं याच्या आधी डोरे हासत. मी थे आयकलो फक्त."

मग ते घंटा द्यायला गेले. शाळा रिकामी होती, घंटेची गरज नव्हती. पण साडेअकरा झाले होते.

आता सिरीजकडे येते.

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून रेवा नावाची दिग्दर्शिका आली. तिशीतली, नम्र, पायात धुळीने भरलेले बूट. ती वाईट मुलगी होती असं समजू नका. तिने जुनी माणसं शोधून काढली, तासन् तास ऐकून घेतलं. मुखरूभाऊ तेव्हा ऐंशीच्या घरात होते. तिला त्यांच्याकडून काम हवं होतं. शहरातल्या नटांना झाडीची बोली जमत नव्हती. कोर्टाच्या प्रवेशांत नटांना मुखरूभाऊंनी तिथल्या तिथे वाक्यं द्यावीत, नट त्यांच्या लयीत बोलतील, अशी तिची कल्पना. कोर्ट उभं केलं होतं एका बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात.

अडचण एकच आली. हल्ली संहिता रोमन लिपीत टाइप करतात. मुखरूभाऊंना ती वाचता येईना. तेव्हा ती देवनागरीत उतरवून देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी दोनशे पानी वही घेतली, समास आखले, पात्रांची नावं लाल शाईने, वाक्यं निळ्या. पाचव्या भागापर्यंत आले आणि थांबले. सिरीजमध्ये त्यांचं नाव बदललं आहे, हे तुम्ही पाहिलंतच. त्या पात्राने आधी लिफाफा घेतलेला दाखवला होता. आणि कोर्टात तो म्हणत होता, "पायलो साहेब. मान वर करून पायलो. थो दौलत नव्हता."

ते एक वाक्य मी पेन्सिलीने लिहिलं.

मुखरूभाऊंनी वही घेतली, बोट फिरवत त्या पानावर आले आणि बोट थांबलं. "काऊन बाई, हे पेन्सिलनं काऊन?"

"शाईने लिहवेना."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना रेवाकडे घेऊन गेले. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बाबा, मला माहीत आहे तुम्ही असं म्हणाला नव्हता. पण ऐकणं पडद्यावर दाखवता येत नाही हो. माणसाने काय पाहिलं, ते दाखवता येतं."

"मंग माह्या जिंदगीत दाखवाजोगं काईच नाई झालं, बाई."

"आणि आम्ही नाव बदललंय."

"नाव बदललं. गाव तं थेच हाय. अन् झाडीत दौलतचा प्रॉम्प्टर एकच होता."

तिचा चेहरा उतरला. पण वाक्य बदललं नाही. सहा जणांनी मिळून मंजूर केलेली संहिता आहे, एकटीच्या हातात नाही, असं काहीसं ती म्हणाली. मला वाटलं, आता हे उठून जातील. मी पिशवी उचललीसुद्धा.

"मी येतो," मुखरूभाऊ म्हणाले. "सकारी किती वाजता?"

बाहेर आल्यावर मी रागावले. "अहो, तुमच्याच तोंडून तुमच्याविरुद्ध खोटं वदवून घेतायत. आणि ते वाक्य तुम्हीच देणार?"

"बाई, पन्नास साल झाले. कोनी पुस्तक देलं नाई हातात." वही त्यांनी काखेत धरली होती, मुलीने दप्तर धरावं तशी. "अन् नाटकाच्या पुस्तकात खरं कवा होतं? जे लिवलं थे देईन. थे माहं काम हाय."

चार दिवस मी त्यांच्याबरोबर गेले. कारकुनाच्या टेबलाखाली, हिरव्या कापडाआड त्यांना बसायला बाकडं दिलं होतं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने नटांच्या कानात बारीक बटण घालू म्हटलं, म्हणजे बाबांचा आवाज परस्पर कानात जाईल. ते म्हणाले, "कानात नोको. आवाज हवेतून गेला पायजे." तो मुलगा चार दिवस कुरकुरत होता, की म्हाताऱ्याची कुजबूज सगळीकडे येते आहे, नंतर बसून पुसावी लागेल. पण नट खूश होते. पहिल्या दिवशी लाकडासारखे बोलत होते, तिसऱ्या दिवशी माणसांसारखे बोलू लागले. माझी खुर्ची बाजूला होती, तिथून मला टेबलाखालचे मुखरूभाऊ दिसत. मांडीवर वही, ओळीखाली बोट, मान खाली. एवढं तरुण मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

साक्षीचा प्रवेश चौथ्या दिवशी सकाळी. मुखरूभाऊंचं काम करणारा पुण्याचा नट पिंजऱ्यात उभा राहिला. प्रश्न झाले. मुखरूभाऊंनी वहीत होतं ते वाक्य दिलं, पेन्सिलीचं, जसंच्या तसं. नट ते बोलला. आणि नेमकी त्याच वेळी मालगाडीने शिटी दिली. रेवा म्हणाली, पुन्हा.

पुन्हा प्रश्न झाले. "तुम्ही पाहिलंत ना त्याला?"

टेबलाखालून काही आलं नाही. मी पाहिलं. बोट ओळीखालीच होतं. पण मान वर होती. मुखरूभाऊ मान वर करून, हिरव्या कापडाच्या फटीतून, पिंजऱ्यातल्या माणसाकडे पाहत होते. आणि त्यांनी वाक्य दिलं. "पायलो नाई साहेब. आयकलो."

नटाचे ओठ त्या वाक्यासाठी उघडले. मग तो गोंधळला. खाली टेबलाकडे पाहिलं, घोट गिळला, डोळे मिटले, आणि पाठ असलेलं, लिहिलेलं वाक्य बोलला.

"ओके!" रेवा धावतच आली. "काय थांबलास तू! किती खरं होतं ते!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय झालं ते त्या नटाला कळलं होतं आणि मला. 

मुखरूभाऊ गुडघ्यांवर हात टेकत बाहेर आले. वही मिटून त्यांनी माझ्याकडे दिली.

"बाई, आज चुकलो. पुस्तकाबाहेरचं देलो."

"मान वर केलीत," मी म्हटलं.

"हाव."

"काय दिसलं?"

ते विचार करून म्हणाले, "लगित भेलेला होता बिचारा." लगित म्हणजे खूप.

युनिटची गाडी त्यांना गावापर्यंत सोडणार होती. ते नको म्हणाले, सायकल घेऊन आले होते. मी गाडीत होते. रेल्वेचं फाटक पडलं आणि आम्ही थांबलो, तेव्हा पुढे ते सायकल धरून उभे असलेले दिसले, मान नेहमीसारखी खाली. कोळशाची मालगाडी आली. पहिले काही डबे गेले, आणि त्यांनी मान वर केली. मग शेवटचा डबा जाईपर्यंत खाली घातली नाही. अगदी लहान मुलं पाहतात तसे ते एकेक डबा पाहत होते. फाटक उघडलं. सायकलवर न बसता, ती हातात धरून ते रूळ ओलांडून गेले. माझी गाडी दुसऱ्या बाजूला वळली.

त्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत ते गेले. सिरीज नंतर आली. त्यांनी ती पाहिली नाही, याचं मला बरं वाटतं आणि वाईटही वाटतं. गावातली नवी मुलं आता त्यांच्या नातवाला चिडवतात. जे पन्नास वर्षांपूर्वी नुसतं तोंडातोंडी होतं, ते आता चित्रासकट आहे.

रविवारी फोन ठेवल्यावर मी पाचवा भाग पुन्हा लावला. तुमच्या आईने दिलेले हेडफोन कानाला लावले. त्या मुलाने चार दिवसांची सगळी कुजबूज पुसली आहे. एके ठिकाणी नाही. विसरला, की राहू दिली, मला माहीत नाही. रेवालाही मी विचारलेलं नाही.

तुम्हीही लावा. वकील विचारतो, "तुम्ही पाहिलंत ना त्याला?" नट घोट गिळतो. त्याच्या जरा आधी, खालून, एक आवाज येतो. खाली इंग्रजी अक्षरं येत नाहीत, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल. आता तो काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे.

वही माझ्या कपाटात डावीकडच्या दुसऱ्या फळीवर आहे. पेन्सिलीचं वाक्य पुसट झालं आहे, मी ते गिरवणार नाही. मुखरूभाऊंचा आवाज तिथे आहे, पाचव्या भागात. चार शब्द आहेत आणि ते नीट ऐकू येतात.

तुमची,
आजी